तीन खाचांचा पाना

निलम फोनवर जे बोलली ते तिच्या दृष्टीने काहीच नव्हतं. शनिवारची शाळा सुटली होती, ऑफिसात देविदास एकटाच दाखल्यांवर शिक्के मारत बसला होता, आणि भाची तिकडून, तांड्याजवळच्या गोरेगावच्या गॅरेजातून, मागे कुणीतरी हातोडी ठोकत असताना, मोठ्याने सांगत होती की बाबांची मोटारसायकल सुरू झाली. अकरा वर्षं ताडपत्रीखाली पडलेली गाडी, पण नवी बॅटरी आणि नव्या ट्यूबा घालून, कार्ब्युरेटर धुऊन मेकॅनिकने तिला उठवलं. निलमला उपकेंद्रावर नर्सची ऑर्डर आली होती. चार तांडे आणि दोन गावं तिच्याकडे, एसटी त्यातल्या एकाही ठिकाणी जात नाही, लसींचा डबा घेऊन किती चालणार, म्हणून तिने बापाची गाडी बाहेर काढली होती. मामाने फक्त किट भरून द्यायचं. "बाकी पाने हायेत मामा, पिशवीत जशेच्या तशे. प्लग पाना तेवढा न्हाई. तो आईच्या हातनं हरवला ना. त्या दिवशी सकाळी पिशवी आईनंच धुतली होती." देविदास म्हणाला, हो का. मग म्हणाला, उद्या या, भरून ठेवतो. फोन ठेवल्यावर त्याने पुढच्या दाखल्यावर शिक्का मारला तो उलटा उमटला. बावीस वर्षांच्या नोकरीत त्याच्या हातून उलटा शिक्का कधी पडला नव्हता. तो त्या उलट्या अक्षरांकडे बराच वेळ बघत राहिला, आणि मग त्याला जाणवलं की आपण शिक्का वाचत नसून निलमचं वाक्य वाचतो आहोत. पिशवी आईनंच धुतली होती. आई म्हणजे निर्मलाबाई, त्याची सख्खी थोरली बहीण. म्हणजे पाना पिशवीत नव्हता हे तिला अकरा वर्षं माहीत होतं. तो कुठे गेला याचं उत्तरही तिने स्वतःपुरतं शोधून ठेवलं होतं. ते उत्तर चुकीचं होतं, आणि ते चुकीचं आहे हे जगात एकट्या देविदासला माहीत होतं.

शाळेत त्याला फिरतं गॅरेज म्हणत. नाव शिपायाने ठेवलं आणि बघता बघता मुख्याध्यापकांच्या तोंडी बसलं. त्याच्या गाडीला दोन्ही बाजूंनी रेक्झिनच्या पिशव्या लटकलेल्या, आणि त्यांत काय नाही असं विचारायची सोय नव्हती. क्लचची वायर, एक्सिलेटरची वायर, फ्यूज, चेनचं लॉक, पंक्चरचं सामान, हातपंप, काळी टेप, बाइंडिंगची तार, पेट्रोल ओढायला दोन हात नळी, वर दोन बाटल्या पाणी. रस्त्यात कुणाची गाडी बंद दिसली की हा थांबणार म्हणजे थांबणार. लग्नाला जाताना थांबला, मयतीला जाताना थांबला. एकदा तर मेव्हणीच्या लग्नात अक्षता पडून पंगती उठल्यावर काळ्याकुट्ट हातांनी मांडवात शिरला, तेव्हा बायको मिराबाई आठ दिवस त्याच्याशी नीट बोलली नाही. हट्टा गावाच्या पुढे एका नवरा-बायकोची गाडी त्याने भर उन्हात चालू करून दिली होती. त्या बाईने तोंड भरून दुवा दिला आणि त्या माणसाने शाळेचा पत्ता काढून पत्र पाठवलं. स्नेहसंमेलनात मग त्याचा सत्कार झाला, शाल आणि नारळ, वर भाषणात वाटेवरचा देवमाणूस वगैरे. शाल त्याने घरी आणून कपाटाच्या तळाशी दडपली ती पुन्हा वर काढली नाही. कुणी आभार मानायला लागलं की तो मान खाली घालून चिंधीने हात पुसत राही, आणि लोक त्याला विनय समजत. विनय कसला आला आहे. त्याला वाटे, हे लोक भलत्याच माणसाला चांगलं म्हणताहेत, आणि त्यांना थांबवायला आपलं तोंड उघडत नाही. तोंड न उघडणं ही त्याची जुनी खोड होती. ती किती जुनी, हे त्याला तारखेनिशी सांगता आलं असतं.

रविवारी सकाळी त्याने ओसरीवर जुनं धोतर पसरलं आणि सामान मांडायला घेतलं. दुकानातून सगळं आदल्या संध्याकाळीच आणलं होतं. दुकानदाराने विचारलंही, राठोड सर, अजून एक गाडी घेतली का. कोऱ्या प्लगच्या दोन पेट्या, पॉलिश पेपरचा तुकडा, जुना टूथब्रश, वायरी गोल गुंडाळून दोऱ्याने बांधलेल्या. एकेक वस्तू हातात घ्यायची, तिच्यामुळे कोणता प्रसंग टळेल ते मनात बघायचं आणि ठेवायची, अशी त्याची पद्धत होती. क्लचची वायर ठेवताना त्याला निलम चढावर उभी दिसली. पंक्चरचं सामान ठेवताना ती दोन तांड्यांच्या मधे, काळ्या मातीच्या गाडवाटेवर दिसली. मग त्याने पाण्याच्या बाटल्या ठेवल्या, साखर-मिठाच्या पुड्या ठेवल्या, पांढरं उपरणं ठेवलं, आणि आत जाऊन दोन कांदे आणले. मिराबाई दारातून बघत होती. गाडी दुरुस्त करायला कांदा कुठं लागतो, असं ती म्हणाली. देविदास म्हणाला, ऊन लागू नये म्हणून. ती आत वळली, कारण या घरात ऊन हा शब्द मे महिन्यातसुद्धा जपून वापरला जाई. सगळ्यात शेवटी नवा प्लग पाना. नळीसारखा, चकचकीत, आत घालायची दांडी वेगळी. त्याने तो उचलला आणि खाली ठेवला, परत उचलला. आत कपाटात, बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात, जुन्या लाइट बिलांच्या खाली दुसरा होता. तो त्याने अकरा वर्षांत कधी वापरला नव्हता, फेकलाही नव्हता. घर बदललं तेव्हा टेम्पोत इतर सामान गेलं, तो डबा मात्र त्याने मांडीवर घेऊन नेला, आणि मिराबाईला वाटलं आत दागिन्याची पावती असेल.

त्या जुन्या पान्यावर कानशीने घासलेल्या तीन खाचा होत्या. सुदाम, म्हणजे निर्मलाबाईचा नवरा, आपल्या प्रत्येक वस्तूवर तीन खाचा करी. विळ्याच्या मुठीवर तीन, तिफणीच्या दांडीवर तीन, पान्यांवर तीन. त्यांच्या घरात पूर्वी जनावरांच्या कानाला अशी खूण करत, बैलांचे तांडे घेऊन फिरायच्या काळात कळप मिसळले तर आपलं जनावर ओळखू यावं म्हणून. बैल गेले, पाठीवरच्या गोणी गेल्या, माणसं गोरेगावच्या शिवारात वस्ती करून शेतकरी झाली, पण खाच राहिली. दाजींची चेष्टा करायची झाली तर देविदास म्हणे, बहिणीच्या कानाला नाही ना केली. सुदाम हसे. मोठा टापटिपीचा माणूस. त्याच्या गाडीची साइडची पेटी उघडली की आत खाकी कापडाची शिवलेली पिशवी, तिला सात कप्पे, प्रत्येक कप्प्यात एक पाना आणि मधल्यात प्लग पाना. मागितली तर अंगावरची बंडी काढून देणारा माणूस, पण पाने मात्र सांगून न्या म्हणे. न सांगता नेलेला पाना म्हणजे वाटेत सोडलेला सोबती, असं काहीतरी त्याचं म्हणणं होतं, आणि देविदासला ते तेव्हा जरा अतीच वाटे.

अकरा वर्षांपूर्वी, मे महिन्यातल्या एका रविवारी देविदास बहिणीच्या तांड्यावर गेला होता. परत निघताना त्याची गाडी सुरू होईना. दोघांच्या गाड्या एकाच कंपनीच्या, एकाच साच्याच्या. सुदाम लिंबाखाली बाजेवर झोपला होता, तोंडावर टॉवेल. उठवावं असं देविदासच्या मनात आलं, पण जेवलेला माणूस, कशाला उठवा. त्याने पेटी उघडली, मधल्या कप्प्यातला पाना काढला, प्लग खोलून काजळी खरवडली, परत बसवला, किक मारली. गाडी लागली. आणि मग हात नेहमीच्या सवयीने आपल्याच डिक्कीकडे गेला. एवढंच झालं होतं. हे एवढंच होतं हे तो स्वतःला किती वेळा सांगत आला होता, आणि दर वेळी एवढंच या शब्दापाशी अडखळत होता. हिंगोलीला घरी आल्यावर दुसऱ्या दिवशी डिक्कीत पाना दिसला. त्याने तो कागदात गुंडाळून खिडकीच्या फळीवर, माठाच्या मागे ठेवला. दाजी येतील तेव्हा देऊ.

दाजी गुरुवारी आले. निलमला पाचवीत मुलींच्या वसतिगृहात घालायचं होतं, त्याचे कागद घेऊन. देविदासने फॉर्म भरला, सुदामने सही केली, मग जेवणं झाली. जेवताना देविदास म्हणाला की रविवारी गाडीने फार तकलीफ दिली, आणि सुदाम भाकरी मोडत सहज म्हणाला, "तुमच्या गाडीत पाना कुठं असतो देविदास. तुमच्या गाडीत भरवसा असतो, कुणीतरी भेटंल म्हणून." सगळे हसले. देविदासची आई रूपाबाईसुद्धा हसली, ती तेव्हा होती. देविदासही हसला, आणि त्याला माठामागचा कागद आठवला. तेव्हा उठून तो आणला असता तर आणखी एकदा हसणं झालं असतं, दुसरं काही नाही. पण तेव्हाच नेमकं त्याला ते जमेना. आत्ता नको, निघताना देऊ, असं त्याने ठरवलं. निघताना मिराबाई डबा देत होती, फॉर्मची झेरॉक्स सापडत नव्हती, सुदाम म्हणत होता ऊन चढायच्या आत जायचं होतं, आता दीड वाजला. त्याच्या मोबाइलची बॅटरी उतरली होती, सकाळपासून लाइट नव्हती. येतो म्हणाला, गाडीवर बसला, किक मारली. देविदासची नजर खिडकीवर गेली. कागदाचं टोक माठामागून दिसत होतं. तीन पावलांवर. त्याचं तोंड उघडलं.

जाणाऱ्याला टोकू नये. त्यांच्यात हे लहान लेकरालाही ठाऊक असतं. पाऊल बाहेर पडलं, गाडीला किक बसली, की मागून हाक मारायची नाही, काही राहिलं का विचारायचं नाही. आणि टोकलंच चुकून, तर जाणाऱ्याने माघारी यायचं, घडीभर टेकायचं, पाणी प्यायचं, मग नव्याने निघायचं. अकरा वर्षं देविदासला असं आठवत होतं की दारात बसलेल्या आईने आपल्याकडे बघून मान हलवली आणि म्हणाली, टोकू नको रे. हे आठवणं त्याला फार उपयोगाचं होतं. आई पुढे दोन वर्षांनी गेली, तिला विचारायची सोय राहिली नाही, आणि आठवण पक्की होत गेली. पण आज ओसरीवर नवा पाना हातात धरून बसला असताना त्याला दारातली आई नीट दिसली. तिच्या पुढ्यात सूप होतं. ती खाली मान घालून तांदूळ निवडत होती. तिने वर पाहिलंच नव्हतं. ती काही बोललीच नव्हती. टोकू नको हे त्याचं त्यानेच स्वतःला सांगितलं होतं, आणि तेही टोकण्याच्या भीतीने नाही. मागून धावत जाऊन, तुमचा पाना मी न सांगता नेला होता, हे दाजींना भर गल्लीत सांगायची त्याला लाज वाटली. तेवढ्या लाजेपुरती त्याने रीत पुढे केली. गाडी कोपऱ्यावर वळली आणि त्याला सुटल्यासारखं वाटलं होतं. होय, सुटल्यासारखं. हेही आजच आठवलं.

सेनगावच्या अलीकडे, उघड्या माळावर गाडी बंद पडली. प्लग शॉर्ट झाला होता. सुदामच्या खिशात कोरा प्लग होता, पेटीसकट, तो नेहमीच असे. जीपवाल्याने त्याला उचलून हिंगोलीला आणलं तेव्हा चार वाजून गेले होते, आणि दिवस मावळायच्या आत सगळं संपलं. ऊन लागलं, आणायला उशीर झाला, असं डॉक्टर म्हणाले. एका मेंढपाळाने पुढे सांगितलं की तो माणूस तासभर गाडीपाशी वाकून काहीतरी करत होता, मला वाटलं होईल त्याचं. दुसऱ्या दिवशी गाडी आणायला घरातलं कुणीतरी हवं होतं. देविदास गेला. गाडी स्टँडवर उभी होती. सीटवर खाकी पिशवी उलगडून पसरली होती, सात कप्पे, सहा पाने, आणि मधला कप्पा रिकामा. प्लगवरची टोपी काढून बाजूला केलेली. प्लगच्या सहा बाजूंवर पक्कडीच्या दातांचे ओरखडे होते, पांढरे, ताजे, एकावर एक. पान्याने अर्ध्या मिनिटात खुलणारा प्लग तो माणूस तासभर पक्कडीने सोडवत होता.  मग त्याने पिशवी गुंडाळली, टोपी बसवली, पेटी बंद केली, आणि गाडी टेम्पोत चढवून तांड्यावर नेऊन ताडपत्रीखाली लावली. कुणी काही विचारलं नाही. रडारडीत पान्याबद्दल कोण विचारणार.

आपल्याशिवाय तो रिकामा कप्पा कुणी पाहिलाच नाही, या एका गोष्टीवर तो अकरा वर्षं उभा होता. आपली आपल्याला शिक्षा चालू आहे, वाटेवर थांबतो आहोत, तिसऱ्याला त्याचा काच नाही, असं त्याने धरून ठेवलं होतं. आता कळलं की त्याने मिटलेली पिशवी निर्मलाबाईने कधीतरी पुन्हा उघडली होती. तेलकट पिशवी आपण त्या गुरुवारी सकाळी धुतली, पाने काढून ठेवले, परत भरताना एक राहिला, असं तिने जोडलं होतं. आणि ती दर राखीला हिंगोलीला येत होती, त्याच्या मनगटाला राखी बांधत होती, आणि याचं अवाक्षर बोलली नव्हती. तो तांड्यावर गेला की तिच्या अंगणाचं कौतुक करी. निर्मलाबाईचं अंगण म्हणजे सगळ्या वस्तीत नावाजलेलं. पहाटे उठून हळूहळू, वीतभर वीतभर झाडते, काडी ठेवत नाही. एकदा तो म्हणाला होता, बाई, तुझं अंगण झाडून होतं तोवर आमच्यात दुपारचं जेवण होतं. ती खराटा कुडाला टेकवून चहा ठेवायला गेली होती.

सांगायला हवं होतं. पण कसं, हे त्याला सुचेना, आणि बावीस वर्षं कारकुनी केलेल्या माणसाला सुचतं ते एकाच भाषेत. महोदया, वरील विषयास अनुसरून खुलासा सादर करतो की. इथवर येऊन तो थांबे. आणि सांगून होणार काय, असंही एक मन म्हणत होतं. सुदाम परत येणार नाही. तिला नवरा नाहीच, भाऊ तेवढा आहे, तोही तिच्यापासून काढून घ्यायचा का. हा विचार त्याला फार पटला आणि पटल्याबरोबर त्याचा संशय आला, कारण माठामागचा कागद दिसला तेव्हाही असंच काहीतरी पटलं होतं. शेवटी त्याने नवा पाना पिशवीत घातला आणि चेन ओढली. जुना डब्यातच राहिला. त्याला बरं वाटलं, आणि बरं वाटल्याची किळस आली.

दहाच्या सुमाराला मायलेकी आल्या. निलम पुढे, निर्मलाबाई मागे एका अंगाने बसलेली, आणि गाडी गल्लीत शिरताना इंजिनाचा आवाज ऐकून देविदास उठून उभा राहिला. तोच आवाज, जरा घोगरा. निलम गाडी स्टँडवर लावून आत आली, पिशवी उघडून एकेक वस्तू बघून हसायला लागली. मामा, मीठ-साखरेच्या पुड्या मी लोकांना वाटते, आणि तुम्ही मलाच. कांदा बघून तर तिने कपाळाला हात लावला. बहीण-भाऊ आपसात नेहमी गोरमाटीत, म्हणजे आपल्या बंजारा बोलीत बोलत, निलमशी मराठीत, आणि चहा होईपर्यंत दोन्ही भाषांतून पाऊसपाण्याचं, सोयाबीनचं, निलमच्या ऑर्डरचं बोलणं झालं. मग निर्मलाबाईने पिशवीतला नवा पाना उचलला. नळीवरून अंगठा फिरवला. ह्याला खाचा न्हाईत, असं ती म्हणाली. निलम गाडी पुसायला बाहेर गेली होती. निर्मलाबाई खाली बघत, हलक्या आवाजात, गोरमाटीतच बोलली. "तुला सांगायचं राहिलंच व्हतं, देवा. तुझ्या दाजीचा पाना माझ्या हातनं गेला. पिशवी धुतली मी त्या दिवशी. पाना असता तर गाडी लागली असती. मी कुणाला बोलले न्हाई. तू मनात धरू नको."

इथे त्याने सांगायचं होतं. ती त्याच्याकडे बघत होती आणि तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं, नुसतं वाट बघणं होतं. देविदासने तोंड उघडलं आणि म्हणाला, "जाऊ दे बाई. तुझा काय दोष." एवढंच तो म्हणाला आणि तिने सुटकेने श्वास सोडला, पदराने नाक पुसलं, आणि पाना जपून पिशवीत ठेवला. त्याने तिला माफ केलं होतं. ज्या गोष्टीला तिचा हातही लागला नव्हता त्या गोष्टीची माफी त्याने तिला दिली, आणि तिने ती घेतली. आजवर त्याने बऱ्याच गोष्टी गप्प राहून केल्या होत्या, पण ही त्याने बोलून केली. चहाचे कप उचलताना मिराबाईने त्याला विचारलं, घाम का फुटलाय एवढा. पंखा तर चालू होता.

त्या निघाल्या. निलमने पिशवी मागच्या कॅरिअरला बांधली. निर्मलाबाईने उंबऱ्यात थांबून भावाच्या गालावरून हात फिरवून बोटं मोडली, नेहमीसारखी, आणि म्हणाली, येते. ती बसली. निलमने किक मारली. पहिल्या किकला लागली नाही, दुसऱ्या किकला लागली. गाडीचा तो आवाज, ते उन्हाने पांढरं पडलेलं गल्लीचं टोक, आणि दाराशी आई बसायची ती जागा, तिथे आता चपलांचं कपाट होतं. देविदासला कळलं की आपण आत धावतो आहोत. कपाट, डबा, बिलं खाली सांडली. तो अनवाणी गल्लीत आला तेव्हा गाडी चार घरं पुढे गेली होती.

"थांबा," त्याने हाक मारली. "ए बाई, थांब."

गाडी थांबली. निर्मलाबाईने वळून पाहिलं आणि तिच्या कपाळाला आठी पडली. पोरगी पहिल्यांदाच बापाच्या गाडीवर लांबच्या वाटेला निघालेली आणि मागून टोकलं. ती कडू आवाजात म्हणाली, टोकलंस काहून. मग तिला त्याच्या हातातला पाना दिसला. तो जवळ गेला आणि तिच्या पुढे धरला. तिने घेतला नाही, नुसता अंगठा टेकवला, आणि अंगठा आपला आपण पहिल्या खाचेवर गेला, मग दुसऱ्या, मग तिसऱ्या. देविदास बोलायला लागला. सख्ख्या बहिणीशी त्याने आयुष्यात मराठी वापरली नव्हती, पण तोंडातून आली ती मराठी, तीही ऑफिसातली. "सदर पाना माझ्याकडे होता. रविवारी मी न विचारता घेतला होता. तुमच्याकडून हरवलेला नाही." तुमच्याकडून असं तो आपल्या बहिणीला म्हणाला. निलमने गाडी बंद केली.

गल्लीत कुणीतरी पाणी मारत होतं. निर्मलाबाई गाडीवरून उतरली.

"तो निघाला तवा तुला ठावं व्हतं?"

"व्हय."

"मग टोकला न्हाईस काहून?"

याचं उत्तर त्याने अकरा वर्षं घोटून ठेवलं होतं, आणि ते त्याच्या जिभेवर आलंही, की टोकू नये म्हणून. पण तिच्या तोंडाकडे बघून ते बाहेर पडेना. "लाज वाटली," तो म्हणाला, आपल्या भाषेत.

टोकलं होतं, त्यामुळे माघारी येणं भाग होतं. निर्मलाबाई चालत घरापर्यंत आली आणि आत न जाता पायरीवर बसली. निलम तिच्या मागे उभी राहिली, मामाकडे न बघता. मिराबाईला काही कळलं नव्हतं, तरी तिने पाण्याचा गिलास आणून ठेवला. निर्मलाबाईने तो उचलला नाही. देविदासच्या हातातून घेतलेला पाना तिच्या मांडीवर होता. ती रागावली असती, ओरडली असती, तर देविदासला कुठेतरी पाय टेकता आला असता. ती जमिनीकडे बघत साध्या आवाजात बोलली, कुणाला म्हणून नाही.

"अकरा वर्षं मी आंगण हळू झाडते. वीत-वीत. खराट्याला लागंल म्हणून, मातीत कुठं गेला असंल तर." तिने पान्याची नळी पदराने पुसली. "आता उद्या कसं झाडू मी?"

देविदास उभा होता. त्याच्या पायाला चटके बसत होते आणि तो हलत नव्हता. थोड्या वेळाने तिने गिलास उचलला. मायलेकींना अजून बरंच जायचं होतं, आणि टोकल्यावर पाणी न पिता निघणं पोरीच्या वाटेला बरं नाही, म्हणून तिने ते सगळं प्यायलं, एका दमात, औषध प्यावं तसं, आणि गिलास पायरीवर ठेवला. मग तिने निलमला गाडीवरची पिशवी सोडून आणायला लावली, चेन उघडली, नवा चकचकीत पाना काढून गिलासाशेजारी ठेवला, आणि जुना त्याच्या जागी घातला. बाकीचं सामान, पाण्याच्या बाटल्या, कांदे, तिने तसंच राहू दिलं. दोघी गाडीकडे चालू लागल्या. निर्मलाबाई मागे बसली, पिशवी मांडीवर घेऊन. देविदास तिच्या नेहमीच्या 'येते'साठी कान देऊन उभा राहिला.

निलमने किक मारली, हेल्मेटची काच खाली ओढायच्या आधी एकदा मागे बघितलं आणि हळू आवाजात म्हणाली, "येते मामा."

निर्मलाबाई काही म्हणाली नाही.